ज्वारीच्या कुकीज: तूप वाढवू नका, आधण ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गटातल्या सहा जणी मिळून नानकटाई करता, आता गिऱ्हाईक म्हणतंय मैदा नको, मिलेटचं काही द्या. ज्वारीचं पीठ घेतलं तर कुकी हातात धरताच भुगा होतेय आणि दाताखाली रेती लागल्यासारखं वाटतंय. डाळिंबाचे दाणे घातले ते राखाडी पडले. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं छापायचंय. आणि घरी मिस्टरांना मधुमेह आहे, त्यांना चालतील का?

मी सोलापुरात बावीस वर्षं बेकरी चालवते. आधी मैद्याचंच काम होतं. एप्रिल-मे लागला की पेठेतल्या बायका रवा, मैदा, तूप, पिठीसाखर असं सगळं डब्यात घालून आणायच्या आणि आम्ही भट्टीवर नानकटाई भाजून द्यायचो. कुणाच्या घरात काय प्रमाण चालतं ते डबे उघडल्यावरच कळायचं. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीशी मी अडखळले. तुम्ही लिहिलंय, ‘भुगा होऊ नये म्हणून तूप थोडं वाढवलं, मग गोडी कमी वाटली म्हणून साखर.’ नेहमीच्या नानकटाईत १०० ग्रॅम मैद्याला साधारण ६० ग्रॅम तूप आणि तितकीच साखर पडते. तुमचं तूप ७५ वर आणि साखर ७० वर गेली आहे. मैदा गेला खरा, पण ही कुकी जुन्या नानकटाईपेक्षा जड झाली. बाजारात मिलेटच्या नावाखाली मिळणाऱ्या बऱ्याच कुकीजची हीच गत आहे. धान्य कोरडं पडतं, ते झाकायला तूप घालतात, आणि तुपानं चव दबली की साखर.

कोरडेपणावर खरा उपाय पाण्याचा आहे, आणि तो तुम्हाला भाकरीमुळे आधीच येतो.

गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. पण कुकीला ग्लुटेन फारसं लागतही नाही. उलट नानकटाई खुसखुशीत व्हावी म्हणून आपण मैदा जास्त मळत नाही. म्हणजे पर्यायी धान्यं वापरायला पावापेक्षा कुकी कितीतरी सोपी. अडचण दुसरीकडे आहे. ज्वारीची प्रथिनं पाणी पटकन धरत नाहीत, आणि तिचा स्टार्च फुगायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते. गव्हाचा साधारण ५८ ते ६४ अंशांना फुगतो, ज्वारीचा ६८ ते ७८ च्या आसपास. कुकीच्या गोळ्यात मुळात पाणी नावाला, आणि जे असतं ते भट्टीत पहिल्या काही मिनिटांत उडून जातं. त्यामुळे ज्वारीचे कण अर्धवट कोरडेच राहतात. तुम्हाला लागते ती रेती म्हणजे हे कण. तूप कितीही ओता, तुपात स्टार्च फुगत नाही.

आपल्या आज्यांनी हे कोडं कधीच सोडवलंय. पीठ जुनं झालं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला, भाकरी थापताना कडा तडकायला लागल्या की त्या काय करायच्या? आधण ठेवायच्या. उकळतं पाणी पिठात ओतलं की थोडा स्टार्च तिथेच फुगतो आणि उरलेल्याला चिकटून धरतो. कुकीतही तेच करायचं, फक्त सगळ्या पिठाचं नाही. एकूण ज्वारीच्या पाचव्या भागाची उकड काढा. ३० ग्रॅम पीठ वाटीत घ्या, ५० मिली खळखळतं पाणी एकदम ओता आणि उलथण्याच्या टोकानं घोटा. आधी गुठळ्या होतील, मग एका क्षणी पीठ पांढरेपणा सोडून किंचित पारदर्शक दिसायला लागेल आणि वाटीची कड सोडेल. ओल्या मातीच्या गोळ्यासारखं लागलं पाहिजे. झाकण घालून पूर्ण गार करा. गरम उकड तुपात गेली तर तूप वितळतं आणि कुकी पत्र्यावर पसरून पापड होते.

सगळ्या पिठाची उकड काढून पाहिलेय मी. कुकी नाही होत, गोड कडक भाकरीचा तुकडा होतो. वाईट लागत नाही, पण ते विकायला वेगळं नाव शोधावं लागेल.

दुसरी गोष्ट वेळ. गोळा मळून झाला की निदान पाऊण तास झाकून फ्रीजमध्ये ठेवा. उरलेलं पीठही तेवढ्या वेळात उकडीतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा फ्रीज टाळूच नका; ओट्यावर ठेवलेलं तूप तासाभरात तेल होतं.

पिठाबद्दल. मालदांडी जातीची ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाकिटावर सांगण्यासारखं आहे, पण ज्वारी खरंच तिथली असेल तरच. दळून आणताना दोन गोष्टी पाहा. गिरणीत तुमच्या आधी गहू दळला असेल तर पहिलं किलोभर पीठ वेगळं काढा, ते घरी भाकरीला वापरा. आणि दळण बारीक घ्या. मैद्याच्या चाळणीतून चाळल्यावर वर जो कोंडा राहतो तो फेकू नका, मिक्सरमधून फिरवून परत मिसळा. तंतू त्यात आहेत. कोंडा फेकून केलेली ज्वारीची कुकी म्हणजे पांढऱ्या स्टार्चचीच कुकी.

नाचणी थोडी हवीच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुसरं कुठलंही रोजचं धान्य याच्या जवळपास येत नाही. शिवाय तिचे फिनॉलिक घटक, म्हणजे अँटिऑक्सिडंटांचाच एक गट, सालीत असतात आणि दाणा इतका बारीक की साल पिठातच येते. कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजून घ्या, कच्चट मातकट वास जातो. पण पाव हिश्श्याच्या पुढे गेलात तर कुकी काळपट आणि टणक होते. बाजरी चवीला छान, लोहही भरपूर, पण तिच्यात पाच टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि दळलं की ते फार लवकर खवट होतं. पंधरा दिवस टिकणाऱ्या मालात मी बाजरी घालत नाही. संक्रांतीला दोन दिवसांत संपणारा माल असेल तर घालते, तिळाबरोबर जमते. राजगिरा, ओट्स वगैरे घाला हवं तर, मला सोलापुरात बसून ओट्सचं कौतुक सुचत नाही.

एक सावधगिरी. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात तसं ज्वारीचं करायला जाऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात असा घटक असतो ज्यापासून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावल्याचं तुमच्या गावाकडे कुणी ना कुणी सांगेलच. साध्या दाण्याच्या पिठात ही भीती नाही.

आता तूप. ते कमी करायला मी शेंगा चटणीची युक्ती वापरते. चटणीला आपण शेंगदाणे खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटतो, नुसता कूट ठेवत नाही, तसंच. दाणे मंद भाजा, साल काढू नका, आणि गरम असतानाच कुटा. आधी भरड होईल, मग ओलसर, मग बत्त्याला चिकटायला लागेल आणि कडेला तेलाची चकाकी दिसेल. तिथे थांबा. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, ते असं मोकळं झालं की तुपाचं काम करतं आणि बरोबर प्रथिनं, तंतूही येतात. लाल सालात फिनॉलिक घटक भरपूर असतात, तुरटपणा येतो तो त्यांचाच. आपण पाखडून उडवून देतो. दाणे मात्र निवडून घ्या. काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरशी लागलेला एकही नको, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

राखाडी डाळिंबाचा दोष डाळिंबाचा नाही, खाण्याच्या सोड्याचा आहे. हे मी पैसे मोजून शिकले. दहा-बारा वर्षांपूर्वी एका हळदीकुंकवाच्या कार्यक्रमासाठी सूर्यफुलाच्या बिया घातलेल्या बिस्किटांची चार किलोची ऑर्डर होती. संध्याकाळी पाकिटं बांधली तेव्हा माल सोनेरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला: आतून हिरवी आहेत, बुरशी लागलीय. मी धावत गेले, तोडून पाहिलं. खरंच हिरवी! काही न बोलता पैसे परत दिले. बुरशी नव्हतीच. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, अँटिऑक्सिडंटच ते. सोड्याच्या अल्कधर्मी गोळ्यात ते प्रथिनांशी जुळून हिरवं होतं, आणि त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री दिसलं नाही. खायला काही अपाय नाही, पण हिरवं बिस्किट कोण खाणार?

डाळिंबाचंही तसंच. त्याचा लाल रंग आंबट वातावरणात लाल राहतो, सोडा लागला की निळसर-राखाडी पडतो, आणि रंगाबरोबर तो रंगद्रव्याचा घटकही मोडत जातो. हळदीला खार लागला की लाल होते, कुंकू तसंच करतात. एकाच गोळ्यात सोडा आणि हळद घातलेली ‘इम्युनिटी’ बिस्किटं मी पाहिली आहेत, विटकरी रंगाची. म्हणून सोडा बंद. पाव चमचा बेकिंग पावडर आणि एक चमचा आंबट दही पुरे. बेकऱ्यांत वापरतात तो अमोनियाही टाळा. गुळाबरोबर जास्त तापला की त्यानं अक्रिलामाइड हा अपायकारक घटक वाढतो. कोको घालायचा मोह झाला तर फिकट, आंबटसर कोको घ्या. काळाभोर कोको क्षार लावून तयार केलेला असतो, त्यातले फ्लॅव्हनॉल, म्हणजे कोकोचे अँटिऑक्सिडंट, बरेचसे गेलेले असतात.

डाळिंब ताजं घालू नका. भगवा या आपल्या नेहमीच्या जातीच्या दाण्यात पाणी भरपूर, गोळा सैल होतो आणि भट्टीत दाणा फुटून डाग पडतो. वाळवून घाला, अनारदाणा. बाजारातला अनारदाणा बहुतेक उत्तरेकडच्या आंबट जातीचा असतो. आपला भगवा गोड, तो वाळवला की चिकट राहतो. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं ‘सोलापूर अनारदाणा’ नावाचा वाणच काढलाय, बागायतदार ओळखीचा असेल तर विचारून पाहा. आंबट दाणा दोन कामं करतो: स्वतःचा रंग स्वतःच्या आंबटपणानं राखतो, आणि आंबट-गोड झाल्यामुळे गूळ कमी घालूनही कुकी फिकी लागत नाही. भरड कुटून निम्मा गोळ्यात, निम्मा वरून दाबायचा.

सालीचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. डाळिंबाच्या अँटिऑक्सिडंटचा मोठा साठा सालीत असतो, हे खरं. कडू-तुरट असते, २०० ग्रॅम पिठाला तीन ग्रॅमच्या वर खाववत नाही. पण डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागेवर किती फवारण्या होतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, आणि ते सगळं आधी सालीवरच बसतं. फवारणीची वही दाखवणारा बागायतदार नसेल तर साल घालू नका.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाबद्दल जरा स्पष्ट लिहिते. परीक्षानळीत एखादा मसाला मोठा आकडा दाखवतो म्हणून शरीरात तसंच होतं असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अशा आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती, लोक जाहिरातीत तिचा गैरवापर करतात म्हणून २०१२ मध्ये ती काढूनही टाकली. कुकीतल्या चिमूटभर लवंगेनं आजार जातो असं मी कुणाला सांगणार नाही. एक उपयोग मात्र हातात दिसतो: लवंग, दालचिनी, तीळ हे तेलाला खवट होण्यापासून रोखतात. तुमच्या कुकीत शेंगदाणा आहे, अख्खं धान्य आहे, वर सोलापूरचा उन्हाळा. तिथे लवंग पोटाआधी डब्यासाठी काम करते. मालदांडीबद्दलही भ्रम नको: पांढऱ्या ज्वारीत लाल किंवा काळपट ज्वारीपेक्षा हे घटक कमीच. मालदांडी घ्यायची ती तंतूंसाठी, चवीसाठी आणि ती इथली आहे म्हणून.

माझं प्रमाण सांगते. ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, त्यातलं ३० उकडीसाठी वर सांगितल्याप्रमाणे. भाजलेली नाचणी ५० ग्रॅम. तेल सुटेपर्यंत कुटलेले शेंगदाणे ६० ग्रॅम, साजूक तूप ६०, बारीक किसलेला गूळ ७०. काळे तीळ २० ग्रॅम, भाजून निम्मे कुटलेले. अनारदाणा २५. दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी एकत्र कुटून, मीठ चिमूटभर, दही एक चमचा, बेकिंग पावडर पाव चमचा. तूप आणि गूळ तळहातानं परातीत फेसा, गुळाचे खडे लागेनासे होईपर्यंत. मग शेंगदाणा, मग गार उकड बोटांनी तोडून, मग दही, शेवटी कोरडं सगळं. मळू नका, गोळा करा. फ्रीजनंतर पंधरा ग्रॅमचे गोळे वळून चपटे करा, साधारण ३२ होतात.

ओव्हन १६० अंश, १५ मिनिटं. मग पत्रा बाहेर न काढता आच ११० वर आणून आणखी १५ मिनिटं. पहिल्या टप्प्यात कुकी शिजते, दुसऱ्यात सुकते. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्यामुळे तो साखरेच्या आधी रंग धरतो. १८० वर लावलंत तर बाहेर काळी आणि आत ओली निघेल. कडा बदामी झाल्या की पुरे. काढल्यावर लगेच उचलू नका, दहा मिनिटांत घट्ट होते.

माझ्या हिशोबानं एक कुकी साठ-पासष्ट कॅलरींची, गूळ दोन-सव्वादोन ग्रॅम. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पंधरा दिवस चांगली राहते. उन्हाळ्यात दहाच धरा.

मिस्टरांचं. गूळ म्हणजे साखरच, रक्तात तसाच जातो; त्यातलं लोह वगैरे दोन ग्रॅममध्ये मोजण्याइतकंही नसतं. ज्वारी बारीक दळली, उकडली की तिची साखरही व्हायची तेवढी होतेच. तंतू आणि शेंगदाण्यामुळे मैद्याच्या बिस्किटापेक्षा वेग कमी, एवढंच. दिवसाला दोन, आणि त्या खाल्ल्या तर जेवणात भाकरीचा तेवढा तुकडा कमी, असं मी माझ्या आईला देत होते. घरी मीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा मोजून पाहा, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. शक्यतो चहात बुडवून नको. चहातल्या टॅनिनमुळे धान्यातलं लोह कमी अंगी लागतं. सोलापुरात हे कोण ऐकणार, मला माहीत आहे.

पाकीट. ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ छापू नका, ‘मधुमेहींसाठी’ तर मुळीच नको. त्याऐवजी तंतूंचं लिहा, ते सिद्ध करता येतं. पाकिटावरच्या दाव्यांविषयीच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम मालात ३ ग्रॅम तंतू असतील तर ‘तंतूंचा स्रोत’ आणि ६ ग्रॅम असतील तर ‘भरपूर तंतू’ म्हणता येतं. या प्रमाणात कागदावर सातच्या आसपास येतात, पण छापण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. गूळ घालून ‘साखर नाही’ लिहायचं नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ही नाही, त्याला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं आणि गावच्या गिरणीत ते पाळणं होत नाही. सीलिॲकचा, म्हणजे ग्लुटेन मुळीच न चालणारा, एखादा पेशंट तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खाईल. शेंगदाणा, तीळ आणि दूध मात्र ठळक लिहा.

पहिल्या खेपेला पूर्ण पत्रा लावू नका. सहाच लावा, आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध तोडून बघा.